खिडकीचं हँडल किंवा लॉक बिघडलं तर: आधी दोष शोधा, मग सुटे भाग आणा

हँडल घट्ट झालं, नुसतंच गोल फिरायला लागलं किंवा लॉक लागेनासं झालं की बहुतेकजण थेट नवं हँडल आणतात. ते बसवतात आणि काही दिवसांनी तेही कुरकुरायला लागतं. याचं कारण असं की पुष्कळदा दोष हँडलात नसतोच. झडप खाली बसलेली असते, बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात किंवा सरकत्या खिडकीची चाकं झिजलेली असतात. मग लॉकची जीभ आणि चौकटीवरची तिची खाच समोरासमोर येत नाहीत. आपण हँडलावर जोर लावतो, आणि त्या जोरानेच धडधाकट हँडलही मोडतं. म्हणून पैसे खर्च करण्याआधी पाच मिनिटं तपासणीला द्यावीत.

उघड्या खिडकीत लॉक फिरवून बघा

खिडकी उघडा आणि ती उघडी असतानाच हँडल बंद करण्याच्या दिशेने फिरवा. झडपेच्या कडेवरच्या जिभा किंवा गोल बोंडं सरकताना दिसतील.

हँडल उघड्या खिडकीत सहज फिरतं आणि खिडकी लावल्यावरच अडतं, तर हँडल आणि आतली यंत्रणा दोन्ही ठीक आहेत. दोष जुळणीचा आहे. उलट उघड्या खिडकीतही ते जड असेल, कचकच करत असेल किंवा अर्ध्यावर अडकत असेल, तर बिघाड हँडलात किंवा झडपेच्या आतल्या गिअरबॉक्समध्ये, म्हणजे हँडल फिरवल्यावर जिभा सरकवणाऱ्या यंत्रणेत आहे. या दोघांत नेमकं कोण, हे कळायला हँडल काढा, त्याच्या मागच्या चौकोनी दांडीच्याच मापाची मोकळी दांडी भोकात घाला आणि पक्कडीने हलकेच फिरवा. दांडीने यंत्रणा मऊ फिरली तर हँडल बदला. दांडीनेही जड गेली तर गिअरबॉक्स बघा.

एक अपवाद लक्षात ठेवा. वरून आत झुकणाऱ्या आणि बाजूनेही उघडणाऱ्या खिडक्यांत झडप उघडी असताना हँडल फिरू नये म्हणून झडपेच्या कडेला एक छोटी पट्टी बसवलेली असते. खिडकी उघडली की ती बाहेर येते आणि हँडल अडवते. तपासणी करताना ती बोटाने आत दाबून धरायची. हे माहीत नसल्याने अनेक चांगली हँडलं जोर लावून मोडली जातात.

झडप खाली बसली असेल तर

बिजागरीच्या खिडकीत झडपेचं सगळं वजन एका बाजूला टांगलेलं असतं, त्यामुळे लॉककडचा खालचा कोपरा हळूहळू उतरतो. खिडकी जवळजवळ बंद करा आणि झडप व चौकट यांच्यातली फट चारही बाजूंनी पाहा. लॉककडे वर फट मोठी आणि खाली घासल्याचे ओरखडे दिसले तर झडप बसली आहे.

काचेचं वजन किती असतं याचा अंदाज आधी घ्या. दर चौरस मीटरला, जाडीच्या दर मिलिमीटरमागे २.५ किलो. म्हणजे एक चौरस मीटरची ५ मिमी काच साडेबारा किलोची, आणि तशीच दुहेरी काच असेल तर २५ किलोची. चौकटीचं वजन वेगळं. एवढा भार रोज हलत राहिला की बिजागरीचे स्क्रू सुटणं स्वाभाविकच आहे.

सुरुवात स्क्रूंपासून करा. झडपेच्या वजनाला खालून आधार द्या, लाकडी पाचर पुरते, आणि बिजागरीचे सगळे स्क्रू हाताने आवळा. एखादा स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोक मोठं झालंय. त्याचा उपाय पुढे दिला आहे. यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) आणि ॲल्युमिनियमच्या बाहेर उघडणाऱ्या खिडक्यांत बहुधा बिजागरीऐवजी झडपेच्या वर आणि खाली घडी होणारे स्टीलचे हात असतात, त्यांना फ्रिक्शन स्टे म्हणतात. त्यांच्या सांध्याच्या रिव्हेटी झिजल्या की झडप डुगडुगते. अशा स्टेला स्क्रू आवळून काही होत नाही, दोन्ही बाजूंची जोडी एकदमच बदलावी लागते. घेताना लांबी आणि बंद अवस्थेतली घडीची जाडी मोजा. जाडी साधारण १३ किंवा १७ मिमी असते, आणि हे माप चुकलं तर झडप नीट बंदच होत नाही.

स्क्रू घट्ट, स्टे ठीक, तरीही कोपरा खालीच असेल तर काचेखालचे प्लास्टिकचे तुकडे सरकलेले असण्याची शक्यता मोठी. बाजूने उघडणाऱ्या झडपेत काच बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात टेकलेली आणि लॉककडच्या वरच्या कोपऱ्यात ताठ अडकलेली असायला हवी. तेव्हाच ती तिरप्या टेकूचं काम करते आणि झडप चौकोनी ठेवते. त्यासाठी काचेभोवतीची पट्टी रुंद पातळ पात्याने उचकटून काढतात, लॉककडचा कोपरा वर उचलून धरतात आणि त्या दोन कोपऱ्यांत १ ते ५ मिमी जाडीचे तुकडे योग्य तेवढे सरकवतात. लहान खिडकीत हे घरी जमतं. मोठी दुहेरी काच असेल किंवा वरच्या मजल्यावर बाहेरून पट्टी असेल, तर हे काम कारागिराचं.

जुळणीत फरक १-२ मिमीचाच असेल तर एवढा खटाटोप नको. लॉकच्या जिभेला खडू फासा आणि खिडकी लावून हँडल फिरवा. चौकटीवरच्या पट्टीवर, जिला स्ट्रायकर म्हणतात, खडूचा डाग पडेल. डाग खाचेच्या ज्या कडेला पडला त्या बाजूला स्ट्रायकर सरकवा. त्याची भोकं बहुधा लांबट असतात, स्क्रू सैल केले की तो हलतो. भोकं गोल असतील तर खाचेची तेवढीच कड कानशीने घासा. जिभेला कानस लावू नका. ती बोथट झाली की लॉक कायमचं ढिलं राहतं.

खिडकी लागते पण वारा आत येतो, हादरते? बोंडं गोल दिसली तरी बहुतेकदा मध्यभागापासून किंचित बाजूला बसवलेली असतात. ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) किंवा लहान पान्याने बोंड फिरवलं की झडप रबरावर जास्त किंवा कमी दाबली जाते. किती फिरवायचं हे कागदाच्या पट्टीवरून ठरवा. पट्टी झडप आणि रबराच्या मध्ये धरून खिडकी लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर दाब कमी, जेमतेम घासत निघाली तर बरोबर, निघता निघत नसेल तर जास्त. सगळी बोंडं सारखीच फिरवायची. एकच आवळलं तर सगळा ताण त्या एका जागी येतो आणि हँडल पुन्हा जड होतं.

हँडल बदलताना कोणती मापं घ्यायची

नवं हँडल दिसायला जुन्यासारखं असणं पुरेसं नाही. तीन मापं जुळायला हवीत. पहिलं, दोन स्क्रूंमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. आजच्या बहुतेक हँडलांत ते ४३ मिमी असतं. दुसरं, दांडीची जाडी, जी सहसा ७ मिमी चौरस असते. तिसरं आणि सर्वांत जास्त चुकणारं माप म्हणजे दांडीची लांबी, हँडलाच्या तळापासून टोकापर्यंत. दांडी आखूड असेल तर गिअरबॉक्समध्ये टोकापुरतीच शिरते, आणि काही महिन्यांत तिथलं चौकोनी भोक गोल होऊन बसतं. लांब असेल तर तळ झडपेवर टेकत नाही. तशात स्क्रू आवळले की तळ तडकतो. लांब दांडी लोखंड कापायच्या करवतीने कापता येते, कापल्यावर कानशीने टोकाची खर काढायची.

वाकड्या मुठीचं हँडल असेल तर ते डावं की उजवं हेही बघा. जुनं काढून सोबत नेलं तर प्रश्नच उरत नाही.

बदलण्याची रीत सोपी आहे. किल्लीचं हँडल असेल तर कुलूप उघडं ठेवा, नाहीतर ते फिरणार नाही आणि स्क्रू दिसणारच नाहीत. हँडल आडवं करा. काही हँडलांच्या तळावर टोपण असतं. ते किंचित पुढे ओढून चतकोर फिरवलं की खालचे दोन स्क्रू उघडे पडतात. बाकीच्यांत छोट्या प्लास्टिकच्या टिकल्या असतात, त्या नखाने किंवा सुरीच्या टोकाने निघतात. स्क्रू काढा, हँडल सरळ बाहेर ओढा. नवं लावताना हँडलाची स्थिती आणि गिअरबॉक्सची स्थिती एकच असली पाहिजे. जुनं काढताना यंत्रणा उघडी होती तर नवंही उघड्या स्थितीतच बसवायचं. इथे गफलत झाली तर हँडल बंद दिसतं आणि खिडकी उघडी असते.

स्क्रू हाताने आवळा, ड्रिल मशीनने नाही. हँडलाचा तळ बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो. तो वाकत नाही, सरळ तुटतो. आणि जास्त आवळला तर आतली चकती दाबली जाऊन नवं हँडलही जड फिरतं. तुटलेला ओतीव तुकडा गोंदाने किंवा वेल्डिंगने जोडायच्या भानगडीत पडू नका, तो भार सहन करत नाही.

जुन्या धाटणीच्या काही हँडलांना दांडी नसते. त्यांचं पुढे आलेलं नाक चौकटीवरच्या पाचरीवर चढून झडप ओढून धरतं. तिथे मोजायची ती नाकाखालची उंची, तळापासून नाकाच्या खालच्या बाजूपर्यंत. अनेकदा झिजलेली असते ती फक्त पाचर. ती एकटी बदलली की काम होतं.

गिअरबॉक्स गेला असेल तर

गिअरबॉक्स झडपेच्या कडेला असलेल्या लांब पट्टीलाच जोडलेला असतो, त्यामुळे बहुधा सगळी पट्टीच बदलतात. आधी हँडल काढायचं, कारण दांडी आरपार गेलेली असते. मग कडेचे सगळे स्क्रू काढून पट्टी सरळ बाहेर घ्यायची. एकूण लांबी, पट्टीच्या दर्शनी बाजूपासून दांडीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि त्या भोकापासून प्रत्येक बोंडाचं अंतर लिहून ठेवा. मधलं माप बहुतेकदा २० ते २५ मिमीच्या दरम्यान असतं आणि दोन मिलिमीटरचा फरकही चालत नाही. पट्टी काढण्याआधी फोटो घ्या.

अडचण होते ती खिडकी बंद असताना गिअरबॉक्स गेला की. तेव्हा हँडलावर लोंबकळू नका. आधी बोंडांवरचा ताण कमी करा: बाहेर उघडणारी झडप आत ओढून धरा, आत उघडणारी बाहेर दाबून धरा, आणि दाब काचेवर नव्हे, झडपेच्या पट्टीवर द्या. दुसऱ्याने त्याच वेळी हँडल हलकेच मागे-पुढे करायचं. जमलं नाही तर हँडल काढून मोकळी चौकोनी दांडी घाला आणि पान्याने तसंच थोडं थोडं हलवत राहा. दांडी फिरते पण आत काहीच सरकत नाही, असं जाणवलं तर दाते तुटलेत. मग झडप आणि चौकट यांच्यात प्लास्टिकची पाचर सारून फट करा आणि पातळ पात्याने बोंड पट्टीच्या दिशेने ढकलून बघा. पाते काचेकडे वळवू नका. एवढ्यानेही सुटलं नाही तर कारागीर बोलवा, कारण पुढचा मार्ग ड्रिलने गिअरबॉक्स फोडण्याचा आहे आणि भोक चुकीच्या जागी पडलं तर झडपच बदलावी लागते.

दोन तऱ्हांनी उघडणाऱ्या खिडकीत आणखी एक प्रसंग येतो. उघड्या झडपेत हँडल फिरवलं जातं, आणि झडप एकाच वेळी बाजूनेही उघडते व वरूनही निखळल्यासारखी झुकते. बघून धडकी भरते, पण सहसा काही मोडलेलं नसतं. झडपेला एकाने आधार द्यावा. कडेची छोटी पट्टी आत दाबून हँडल झुकवण्याच्या स्थितीत, म्हणजे वर न्या. बिजागरीकडचा वरचा कोपरा चौकटीत घट्ट दाबा, खिडकी पूर्ण लावा आणि मगच हँडल आडवं करा.

सरकत्या खिडक्या

इथे लॉकचा आकडा चौकटीतल्या खाचेत अडकतो. आकडा खाचेच्या खाली धडकत असेल तर चाकं बघा. झडपेच्या उभ्या पट्टीच्या तळाशी, कडेला, एक लहान भोक असतं आणि त्यात चाकाची उंची ठरवणारा स्क्रू असतो. झडपेखाली पातळ पाचर सारून वजन उचला आणि मग तो स्क्रू चतकोर चतकोर फिरवा. भाराखाली फिरवला तर त्याचं डोकं झिजतं. झडपेची उभी कड चौकटीला समांतर दिसेपर्यंत दोन्ही चाकं सारखी करा.

तरीही फरक पडला नाही तर चाक सपाट झालंय किंवा त्याचं बेअरिंग फुटलंय. झडप काढण्यासाठी ती वरच्या रुळात उचलायची आणि खालची कड आत घ्यायची. पण वरच्या रुळात झडप उचलली जाऊ नये म्हणून एक ठोकळा स्क्रूने बसवलेला असतो. तो आधी काढा, आणि काम झाल्यावर विसरू नका, कारण तो नसला तर लॉक लावलेली खिडकीही बाहेरून उचलून काढता येते. हे काम दोघांनी करायचं. वरच्या मजल्यावर बाहेर झुकायचंच नाही.

आकडा खाचेसमोर नीट येतो पण अडकत नाही, तर आतली स्प्रिंग गेलीय. अशी लॉकं उघडून दुरुस्त करण्यात अर्थ नाही, ती बदलतात. दोन स्क्रूंमधलं अंतर, खोबणीची लांबी, आकडा किती बाहेर येतो आणि त्याचं तोंड कुठे, एवढं जुळवा. काही लॉकांत एक बारीक खिळा असतो, तो दाबला गेल्याशिवाय आकडा बाहेर येत नाही. उघड्या खिडकीत लॉक चालत नाही म्हणून ते बिघडलं असं ठरवण्याआधी तो खिळा दाबून बघा.

स्क्रू पकड धरत नसेल तर

लाकडी चौकटीत भोकात लाकडी काड्या गोंदात बुडवून ठासा, दिवसभर वाळू द्या, वर आलेलं कापा आणि पुन्हा बारीक भोक पाडून स्क्रू घाला. ४ मिमी स्क्रूला अडीच ते तीन मिलिमीटरचं भोक पुरतं. ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ असतो, तिथे एक माप जाड पत्र्याचा स्क्रू किंवा रिव्हेट नट (पत्र्याच्या भोकात दाबून बसवायचा आट्यांचा नट) वापरा. यूपीव्हीसीत थोडा लांब स्क्रू आतल्या स्टीलच्या पट्टीपर्यंत पोचवला तर पक्का बसतो. ड्रिलच्या पात्याला हव्या तेवढ्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा. टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेच्या कडेला पातं नुसतं लागलं तरी अख्ख्या काचेचा चुरा होतो.

गंजून जाम झालेल्या स्क्रूवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर थांबा. मग नेमक्या मापाच्या स्क्रूड्रायव्हरने आधी किंचित आवळा आणि मग सोडा. यूपीव्हीसी खिडक्यांत अनेकदा पोझिड्राइव्ह डोक्याचे स्क्रू असतात. त्यांच्या चौफुलीच्या मध्ये बारीक तिरप्या रेघा दिसतात. साधा चौफुलीचा (फिलिप्स) स्क्रूड्रायव्हर लावला तर डोकं गोल होतं. समुद्राजवळच्या घरात स्टेनलेसचे स्क्रू ॲल्युमिनियमला चिकटून बसतात, कारण खारट ओलाव्यात दोन धातू एकत्र आले की झिजतं ते ॲल्युमिनियम. नवे स्क्रू घालताना थोडं ग्रीस लावलं की हे बरंच लांबतं.

लाकडी खिडकीची कडी किंवा अडसर दमट दिवसांतच अडत असेल तर रंधा मारायची घाई करू नका. लाकूड फुगलेलं असतं. हवा कोरडी झाली की फट वाढेल. घासल्याच्या जागी मेणबत्ती फिरवा आणि कोरड्या दिवसांत उघड्या पडलेल्या कडांना रंग द्या.

तेल कुठे, कोरडी पूड कुठे

किल्लीच्या भोकात तेल घालू नका. त्यात धूळ चिकटून काही दिवसांनी चिखल होतो. ग्राफाइटची पूड घाला. ती नसेल तर मऊ पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दात्यांवर घासून किल्ली चार-पाच वेळा आत-बाहेर करा. बोंडं, स्ट्रायकर आणि स्टेचे सांधे यांना यंत्राचं पातळ तेल किंवा थोडं ग्रीस चालतं. ज्या स्टेवर झडप हव्या त्या कोनात उभी राहते, तिच्या सरकत्या भागाला मात्र काही लावू नका, नाहीतर झडप वाऱ्याने आपटेल. रबराच्या पट्ट्यांना सिलिकॉनचा फवारा द्या. खनिज तेलाने रबर फुगतं. डब्ल्यूडी-४० सारखा फवारा पाणी हटवायला आणि गंज सैल करायला चांगला आहे, पण त्याचा थर पातळ राहतो. तो मारल्यावर पुसून घ्या आणि वर तेल द्या. वर्षातून दोनदा, धूळ पुसून झाल्यावर, एवढं केलं तरी पुरतं.

लहान मुलं असलेल्या घरात झडप १०० मिमीपेक्षा जास्त उघडू न देणारी साखळी किंवा पट्टी बसवा. तिचे स्क्रू भक्कम भागात जाऊ द्या, नुसत्या प्लास्टिकात नको. आणि किल्लीचं लॉक असलेल्या प्रत्येक खोलीत किल्ली मोठ्यांच्या हाताला लगेच लागेल पण मुलांना पोचणार नाही अशा ठराविक खिळ्यावर ठेवा. आगीच्या वेळी त्या खिडकीतून बाहेर पडावं लागलं तर किल्ली शोधत बसायला वेळ नसतो. याच कारणाने बिघडलेली खिडकी स्क्रू मारून कायमची बंद करून टाकू नका.